सीपॅपचे प्राँग, मास्क की हाय फ्लो: बाळाच्या वेदनेच्या बाजूने एक परीक्षण

सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हलका दाब देऊन बाळाच्या श्वासाला आधार देणारं यंत्र, विकत घेताना सगळी चर्चा यंत्राचीच होते. दाब किती स्थिर राहतो, हवा-ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर कसा आहे, अलार्म किती आहेत. कमी दिवसांच्या बाळाला मात्र त्या यंत्राचा स्पर्शही होत नसतो. त्याला जाणवतो तो नाकाशी बसवलेला सिलिकॉनचा तुकडा, रात्रंदिवस, कित्येकदा आठवडेच्या आठवडे. म्हणून इथे परीक्षण त्या तुकड्याचं: आखूड दुहेरी प्राँग (दोन्ही नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्या), नाकाचा मास्क आणि हाय फ्लोची, म्हणजे वेगाने दमट हवा सोडणारी, बारीक नळी. श्वासाला पुरेसा आधार मिळत असताना बाळाला किती सोसावं लागतं, एवढंच पाहायचं आहे.

आधी प्राँग. दाब पोचवण्यात ते भरवशाचे आहेत, पण बसवायला सगळ्यांत अवघड. सर्वांत मोठी चूक मायेपोटी होते: नाजूक नाक पाहून लहान साइझ निवडला जातो. लहान प्राँगभोवतून हवा गळते, दाब टिकत नाही, प्रवाह वाढवावा लागतो आणि सैल प्राँग नाकपुडीत पुढेमागे घासत राहतो. योग्य प्राँग नाकपुडी पूर्ण भरतो, पण कडा पांढरी पडू देत नाही. प्राँगचा आडवा भाग आणि नाकाचा पडदा (दोन नाकपुड्यांमधली भिंत) यांत साधारण २ मिलिमीटर मोकळी जागा दिसलीच पाहिजे. दाब उतरला की प्राँग आत ढकलण्याची सवय असते, आणि जखमा तिथूनच सुरू होतात. आधी लाली येते, मग वरची त्वचा सोलते आणि दुर्लक्ष झालं तर पडद्याचा भाग मरतो. त्वचेला जपणारी हायड्रोकोलॉइडची मऊ पट्टी घासणं कमी करते. चुकीचा साइझ किंवा ओढली जाणारी नळी ती सुधारू शकत नाही.

खरा दोष बहुतेक वेळा नळ्या जागेवर धरणाऱ्या टोपीचा असतो. टोपी सैल असली की वर सरकते, तिच्यासोबत नळ्या वर जातात आणि नाक डुकरासारखं वर खेचलं जातं. डोक्याचा घेर मोजून टोपी निवडावी. ती भुवयांच्या वर, कानांवरून मानेपर्यंत नीट बसावी आणि कान आत दुमडलेले नाहीत हे पाहावं. परीक्षणात टोपीला आम्ही यंत्राइतकेच गुण देतो.

मास्क पडद्याला सोडतो, पण भार नाकाच्या मुळावर आणि वरच्या ओठाच्या वरच्या भागावर टाकतो. खाली सरकला तर नाकपुड्या बंद होतात, वर सरकला तर हवा डोळ्यांत जाते. घट्ट आवळून गळती थांबत नाही, उलट मास्कची कड वाकते आणि आणखी गळते. तरीही एकत्रित चाचण्यांचा कौल मास्कच्या बाजूने झुकतो: प्राँगच्या तुलनेत नाकाच्या जखमा कमी आणि सीपॅप अपयशी ठरण्याचं प्रमाणही कमी. आमची पसंती दोन्ही आळीपाळीने वापरण्याला. दर ४ ते ६ तासांनी, बाळाला एरवीही हात लावायचाच असतो तेव्हा, तुकडा काढून त्वचा पाहावी आणि बदलावा.

हाय फ्लोची नळी पाहायला सर्वांत सुसह्य. तिची जाडी नाकपुडीच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात, प्रवाह मिनिटाला २ ते ८ लिटर. नाकाच्या जखमा स्पष्टपणे कमी होतात, चेहरा मोकळा राहतो, आईला छातीशी घेणं सोपं जातं. पण आत किती दाब तयार होतोय हे मोजलं जात नाही. गर्भाचे २८ किंवा त्याहून जास्त आठवडे भरून जन्मलेल्या बाळांवरच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पहिला उपचार म्हणून हाय फ्लो २५.५ टक्के बाळांत अपुरा पडला, सीपॅप १३.३ टक्क्यांत. धाप लागून दमणाऱ्या बाळाला मऊ नळी दिली म्हणून त्याचा त्रास कमी होत नाही. वेदनेच्या गुणांकांतही निकाल एकसारखे नाहीत: काही अभ्यासांत हाय फ्लोवर ते कमी, काहींत फरकच नाही.

याचं एक कारण मोजण्यातच आहे. पीआयपीपी ही बाळाची वेदना मोजायची मोजपट्टी टोचण्यासारख्या क्षणिक वेदनेसाठी बनली. तिच्यात भुवयांचा फुगवटा, मिटलेले डोळे आणि नाक-ओठांमधली घडी पाहायची असते. ती घडी मास्कखाली झाकली जाते आणि टोपी खाली ओढली तर भुवयाही. सतत दाबाच्या त्रासासाठी ईडीआयएन ही दुसरी मोजपट्टी जास्त उपयोगी: चेहरा, हालचाल, झोप, हाताळणाऱ्याला मिळणारा प्रतिसाद आणि शांत होण्याची क्षमता, असे पाच घटक काही तास पाहून एकूण १५ पैकी गुण. फार लहान, थकलेलं बाळ रडत नाही, निपचित पडून राहतं. ते शांतपण सुख समजू नये.

तुकडा बसवताना दोघं हवीत. एकाने हातपाय पोटाशी घेऊन बाळाला तळव्यांत धरून ठेवावं, दुसऱ्याने बसवावं. सक्शन, म्हणजे नाकातला स्राव ओढून काढणं, घड्याळ लावून करू नये. स्राव दिसला, श्वास अडला तरच. त्याआधी २ मिनिटं जिभेवर आईच्या दुधाचे किंवा २४ टक्के सुक्रोजचे थेंब आणि चोखायला काहीतरी द्यावं. सुक्रोज क्षणिक वेदनेचा उपाय आहे; रुतणाऱ्या प्राँगवर उपाय म्हणजे प्राँग हलवणं. पोट फुगलं असेल तर तोंडातून जठरात नळी घालून तिचं टोक उघडं ठेवावं. हवा ३७ अंशांना, पूर्ण दमट हवी. कोरडी हवा नाक सुकवते आणि मग सक्शन वाढतं. नळीत साचलेलं पाणी खळखळतं, त्याचा आवाज ४५ डेसिबलच्या शिफारशीपलीकडे जाऊ शकतो. ते वेळोवेळी काढावं, बाळाच्या दिशेने कधीच वाहू देऊ नये.

निवड करायची तर: सुरुवातीच्या दिवसांत आणि २८ आठवड्यांखालच्या बाळांसाठी मास्क-प्राँग आळीपाळीने; श्वास सावरला, ऑक्सिजनची गरज उतरली की हाय फ्लो. संच घेताना प्राँगचे आणि मास्कचे सगळे साइझ, साइझ मोजायची पट्टी आणि टोप्या सोबत आहेत का पाहावं. प्राँग आणि मास्क एकाच जोडणीला बसत नसतील तर तो संच नाकारावा, कारण रात्रपाळीत संपूर्ण सर्किट (यंत्रापासून बाळापर्यंतच्या नळ्या) बदलायला कुणी थांबत नाही आणि बाळ त्याच तुकड्यावर सकाळपर्यंत राहतं.