मिरची कांडपाचा परवाना काढला, त्यावरून आमच्या नगरपालिकेचा रिव्ह्यू

आधीच सांगते, गावाचं नाव लिहिणार नाही, कारण आम्हाला तिथंच राहायचंय. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, क वर्गाची नगरपालिका, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील.

मी आणि माझी जाऊ, दोघींनी मिळून घराच्या पुढच्या खोलीत मिरची कांडपाचं मशीन टाकलं. आपल्याकडं फेब्रुवारी लागला की बाया वर्षाची मिरची भरतात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत तिखट, मसाला, पापड, बिबड्या सगळं उरकायचं असतं, त्यामुळं तीन-चार महिने धंदा जोरात आणि मग बाकीचं वर्ष हळद-धने-डाळी असं किरकोळ. मशीन कुठलं घ्यायचं याच्यावर शंभर लोक शंभर सल्ले देतात, पण परवाना कुठून काढायचा, शेजाऱ्यानं तक्रार केली तर काय होतं, हे कोणी सांगत नाही, म्हणून मी लिहितेय. आणि हा रिव्ह्यू मशीनचा नाही, नगरपालिकेचा आहे.

परवान्याच्या खिडकीपासून सुरू करते. ऐकून तर अशी भीती बसली होती की पाकिटाशिवाय कागद हलत नाही वगैरे. तसं काही झालं नाही, कोणी पैसे मागितले नाहीत, हे आधी लिहिलं पाहिजे. लागले काय तर अर्ज, घराचा उतारा, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, आधार, जागेचा साधा नकाशा आणि आजूबाजूच्यांची संमती. आता ही जी संमती आहे ना, ती तोंडी कोणीही देतं, 'टाका ना वहिनी, आम्हालाच जवळ पडेल' म्हणून, पण सहीसाठी कागद पुढं केला की ज्याला त्याला चष्मा सापडत नाही.

थकबाकीचा दाखला लगेच मिळाला. परवान्याच्या फाईलला मात्र वेळ लागला, कारण ती तीन टेबलांवरून जाते आणि तिसऱ्या टेबलाचे साहेब दोन नगरपालिकांचा चार्ज सांभाळतात. शिपाई आपल्या अहिराणीत सांगायचा, 'ताई, साहेब जयगावले गयात, सकाय या', म्हणजे साहेब जळगावला गेलेत, उद्या या. त्याच्यावर काय चिडणार, त्याच्या हातात तेवढंच होतं.

इथं एक गोष्ट कामाला आली ती सांगते. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात जी सेवा अधिसूचित आहे तिला मुदत ठरलेली असते, अर्ज दिला की पोच द्यावी लागते आणि त्या पोचवर मुदतीची तारीख पाहिजे. मुदतीत काम नाही झालं किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील त्याच ऑफिसच्या वरिष्ठाकडं करायचं, मग दुसरं अपील, आणि त्याच्याही वर सेवा हक्क आयोग, आपल्या खान्देशाला नाशिक विभागाचे आयुक्त लागतात. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. अपील करायची वेळ आलीच नाही, पण पोचवर तारीख लिहून द्या म्हटल्यावर क्लार्क मॅडम जरा सावरून बसल्या हे मी बघितलं. त्यांनी तारीख टाकली आणि त्या तारखेच्या आसपास परवाना झालाही. या खिडकीला पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा त्या मॅडमसाठी, कारण भर मे महिन्यात लाईट गेलेली असताना रजिस्टरचा पुठ्ठा हातात घेऊन वारा घेत त्या बाई काम करत होत्या.

खूप जण इथं गोंधळतात की नगरपालिकेचा परवाना मिळाला म्हणजे झालं सगळं. नाही. खाण्याच्या वस्तूचं लायसन्स नगरपालिका देत नाही, 2011 च्या ऑगस्टमध्ये अन्न सुरक्षा कायदा लागू झाला तेव्हापासून तो विषय अन्न व औषध प्रशासनाकडं आहे, त्यांचं ऑफिस जिल्ह्याच्या गावी. छोट्या धंद्याला लायसन्स नाही, नुसतं रजिस्ट्रेशन लागतं आणि ते फॉसकॉस नावाच्या साईटवर घरबसल्या होतं, आम्ही काढलं तेव्हा 12 लाखांच्या आत उलाढाल असेल तर वर्षाला 100 रुपये फी होती. सायबर कॅफेवाला त्याचे हजार-पंधराशे सांगतो, तेवढं देऊ नका. गुमास्ताचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचंही तसंच, आमच्यासारख्या दोघी-तिघींच्या धंद्याला ऑनलाईन सूचना दिली की झालं आणि ती कामगार विभागाकडं, नगरपालिकेचा संबंध नाही. आणि हो, गिऱ्हाईकाची मिरची दळून देणं वेगळं आणि स्वतः तिखट विकणं वेगळं, दळलेला मसाला सुटा विकता येत नाही, पॅक करून, लेबल लावून विकावा लागतो. आम्ही फक्त दळून देतो, गिऱ्हाईक डबा आणतं, तिखट घेऊन जातं.

आता तक्रारीचं. खरा रिव्ह्यू इथंच आहे.

आमच्या भिंतीला भिंत लागून नाना राहतात, रिटायर झालेले, माणूस चांगला. काकूंना दम्याचा त्रास. कांडप सुरू झाल्यावर मिरचीची जी बारीक भुकटी हवेत उडते ती डोळ्याला दिसत नाही पण घशाला कळते, आपल्या नंदुरबारला ज्यांनी मिरचीच्या पथाऱ्या बघितल्यात त्यांना वेगळं सांगायला नको, तिथं नुसतं रस्त्यानं गेलं तरी ठसका लागतो. तर नानांचं म्हणणं खोटं नव्हतंच. पण नाना आमच्याकडं आले नाहीत, सरळ नगरपालिकेत अर्ज टाकला, आणि आमच्या हातात आली एक नोटीस, त्यात लिहिलेलं की आपल्या व्यवसायामुळे परिसरातील नागरिकांच्या आरोग्यास उपद्रव होत असल्याचे निदर्शनास आले आहे, सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा परवाना रद्द का करू नये.

निदर्शनास आले आहे! कोणाच्या? कोणी बघायला आलंच नव्हतं. परवान्याची फाईल ज्या टेबलावरून गेली त्याच टेबलावरून नोटीस सुटली, दोन्हीकडं सही एकाच साहेबांची, आणि दोन्ही वेळेस साहेबांनी जागा बघितलेली नाही. माझी नगरपालिकेवर खरी नाराजी काय असेल तर ही. परवाना देताना मशीनला कव्हर आहे का, धूळ कुठं जाणार, शेजारी खिडकी किती फुटांवर आहे हे कोणी विचारलं असतं तर नानांवर अर्ज लिहायची वेळच आली नसती. अर्जाला पोच आहे, मुदत आहे, अपील आहे, पण तक्रारीचं तसं काहीच नाही, ती कधी दुसऱ्या दिवशी धावते तर कधी वर्षभर झोपून राहते. गल्लीच्या टोकाला गटारीवर ओटा बांधून एकानं पायऱ्या काढल्यात, त्याची तक्रार माझ्या लग्नाच्या आधीपासून पडून आहे असं सासूबाई सांगतात. तक्रार विभागाला दीड स्टार, तोही शाई आणि कागद खर्च झाला म्हणून.

खुलासा लिहून दिला. गल्लीत तोवर चर्चा पेटली. कोणी म्हणालं नाना प्रांताधिकाऱ्यांकडं जाणार. ओळखीच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले जाऊ शकतात, सार्वजनिक उपद्रवाचं जे कलम आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत 133 होतं ते नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 1 जुलै 2024 पासून 152 झालंय, त्यात प्रांत किंवा अधिकार दिलेले तहसीलदार उपद्रव हटवायचा आदेश काढू शकतात, पण आधी तुमचं ऐकून घ्यावं लागतं. जाऊ म्हणाली मशीन विकून टाकू. मी म्हटलं थांब, सीझन तर जाऊ दे.

मग आले आरोग्य विभागाचे सॅनिटरी इन्स्पेक्टर. मोटारसायकलवर, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, सोबत मुकादम. हा माणूस खुर्चीतून उठून आला, एवढ्यावरच मी निम्मे स्टार देऊन टाकले. आल्या आल्या म्हणाले, मशीन चालू करा, मिरची टाका, लवंगी असेल तर लवंगीच टाका. आणि स्वतः जाऊन बसले नानांच्या ओट्यावर, काकूंनी पाणी दिलं ते प्यायले, आणि मग असा ठसका लागला त्यांना की मुकादमालाही हसू आवरेना. परत आले, डोळे लाल, म्हणाले ताई, तक्रार खरी आहे, पण परवाना रद्द करायची गरज नाही.

आणि उभ्या उभ्या सांगितलं. मशीनच्या तोंडाला जाड मांजरपाटाची पिशवी बांधा म्हणजे भुकटी त्यातच राहील, नानांच्या बाजूची खिडकी कायमची बंद करून एक्झॉस्ट गच्चीच्या वर पाईपनं काढा, मशीनच्या पायाखाली रबराचे जाड पॅड टाका कारण भिंत हादरते त्याचाच निम्मा आवाज आहे, मिरची थोडी तेलाचा हात लावून टाकली तर उडते कमी, आणि सकाळी काकू देवळात जातात त्या वेळेला मिरची उरका, बाकीच्या वेळी हळद-धने. आवाजाचं विचारलं तर म्हणाले रहिवासी भागाला दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 अशी मर्यादा आहे, आमच्याकडं मोजायचं मशीन नाही, मोबाईलवर अंदाज घेतो पण त्याला कोणी पुरावा धरत नाही, तुम्ही संध्याकाळी सातनंतर चालवूच नका म्हणजे प्रश्न मिटला. सगळं स्थळ पाहणीच्या कागदावर लिहिलं, आमची सही, नानांची सही, मुकादमाची साक्षीदार म्हणून. नाना सही करताना नुसते 'बघू' म्हणाले.

पाईप आणि पॅड मिळून खर्च झाला, पण मशीनच्या किमतीपुढं काही नाही. काकूंचा ठसका एकदम गेला असं मी म्हणणार नाही, पण त्यांची मिरची यंदा आमच्याकडंच दळली. आरोग्य विभागाला चार स्टार.

पाचवा कापला तो डासांमुळं. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळं घरोघरी टाक्या, हौद, ड्रम भरून ठेवलेले असतात, आणि डेंग्यूचा डास अंडी घालतो ती असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी घासून सुकवा असं पत्रक नगरपालिका वाटते. बरोबर आहे, पण पाणी कधी येणार याचा भरवसा नसताना भरलेला हौद कोण ओतून देईल? बाया गटारीचं घाण पाणी बघून डासांना शिव्या देतात, नगरपालिका धूर फवारून फोटो टाकते, आणि हौदातल्या अळ्या निवांत. पाणी रोज नाही तर निदान ठरल्या वाराला सोडा, कोरडा दिवस आपोआप होईल. हे त्या इन्स्पेक्टरांना मी बोलले, तर म्हणाले ताई, पाणीपुरवठा वेगळा विभाग आहे.

प्लास्टिकचं एक वाक्यात सांगते. 2018 पासून बंदी आहे, पहिल्या वेळेस 5000 रुपये दंड, आणि आमच्या आठवडे बाजारात पथक येतं ते मेथीची जुडी विकणाऱ्या म्हातारीच्या पिशव्या उचलतं, ज्या दुकानातून तिनं त्या पिशव्या घेतल्या ते दुकान नगरपालिकेच्याच गाळ्यात आहे.

मधली वर्षं तर नगरसेवकच नव्हते. 2016 ला निवडून आलेल्यांची मुदत संपली, मग प्रशासक, आणि थेट डिसेंबर 2025 ला मतदान झालं. प्रशासकाच्या काळात एक बरं होतं की मध्ये कोणी नव्हतं, जे काय ते खिडकीवर. वाईट हे की खिडकी बंद झाली की दुसरं दारही नव्हतं. आता वॉर्डात दोन नगरसेवक आहेत, दोघांचेही फोन लागतात, सध्या तरी. त्यातल्या ताई निवडून आल्यावर आमच्याकडं येऊन गेल्या, तुमच्या मशीनचं प्रकरण आपण मिटवलं ना, म्हणाल्या. आपण! मी चहा दिला आणि गप्प बसले, उद्या गटारीवरच्या त्या ओट्यासाठी त्यांच्याकडंच जायचंय.

ज्यांना असलं मशीन टाकायचंय त्यांनी परवान्याच्या अर्जातच लिहून द्या की आम्हाला आधी स्थळ पाहणी करून पाहिजे, आणि त्याची पोच घ्या. कोणी सांगणार नाही, पण मागता येते, आमच्या मागून गल्लीतल्या एका पोरानं शेवेच्या भट्टीसाठी मागितली, तर तेच इन्स्पेक्टर आले आणि धुराड्याची उंची आधीच ठरवून गेले. परवाना 31 मार्चपर्यंतचाच असतो, नूतनीकरणाला मार्चमध्ये जाऊ नका, त्या महिन्यात सगळा स्टाफ घरपट्टीच्या वसुलीला बाहेर असतो. फेब्रुवारीत, जेवणाच्या सुट्टीनंतर जा, तेव्हा तिसऱ्या टेबलाचे साहेबही सापडतात.