सदर्न गॉस्पेल म्युझियम अँड हॉल ऑफ फेम, पिजन फोर्ज : गायकांचा सन्मान आणि त्याच्या मर्यादा

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, स्मोकी पर्वतरांगांच्या पायथ्याशी वसलेल्या पिजन फोर्ज येथे डॉलीवूड हे मनोरंजन उद्यान आहे आणि त्याच्या आवारातच सदर्न गॉस्पेल म्युझियम अँड हॉल ऑफ फेम, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातील ख्रिस्ती भक्तिगीतांच्या परंपरेचे संग्रहालय व सन्मानदालन आहे. सदर्न गॉस्पेल म्युझिक असोसिएशन या संस्थेने १९९७ मध्ये पहिल्या मानकऱ्यांची निवड केली आणि १९९९ मध्ये संग्रहालय खुले झाले. ज्या गायक-वादकांनी आपली उभी हयात दक्षिणेतील चर्च, शाळांची सभागृहे आणि गावोगावची गायनसंमेलने यांत घालवली, त्यांच्या कामाची नोंद राहावी, हा या संग्रहालयाचा हेतू आहे. या संगीताविषयी मला मनापासून आस्था आहे, त्यामुळे हे परीक्षण मी एकच प्रश्न समोर ठेवून लिहीत आहे : गायकाच्या कारकिर्दीचा मान येथे खरोखर राखला जातो का? माझे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे, आणि जेथे ते तसे नाही, तेथे ते का नाही हेही सांगितले पाहिजे.

आधी या संस्थेची गरज का भासली, ते पाहू. गॉस्पेल संगीतासाठी १९६४ मध्ये गॉस्पेल म्युझिक असोसिएशन स्थापन झाली, तिचे डव्ह पुरस्कार १९६९ पासून दिले जाऊ लागले आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून तिचे स्वतंत्र हॉल ऑफ फेमही आहे. परंतु पुढील दोन दशकांत त्या संस्थेचा कल आधुनिक ख्रिस्ती पॉप-रॉक संगीताकडे वळत गेला, आणि चार आवाजांच्या क्वार्टेटची, पियानोच्या साथीची, गीतपुस्तके व गायनशाळांची जी जुनी परंपरा होती, तिच्या लोकांना आपण आपल्याच घरात मागे पडत आहोत असे वाटू लागले. जिल्ह्याजिल्ह्यांत, आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी गाणाऱ्या प्रादेशिक गटांचे तर कोणत्याच मोठ्या पुरस्कारात नाव येत नसे. या पार्श्वभूमीवर पाहिले, तर पिजन फोर्जचे हे दालन म्हणजे एका समाजाने स्वतःच्या वडीलधाऱ्यांची स्वतःच घेतलेली दखल आहे.

दालनाचा गाभा म्हणजे मानकऱ्यांचे फलक. त्यांत जेम्स डी. व्हॉन आणि व्ही. ओ. स्टॅम्प्स हे प्रकाशक आहेत, अल्बर्ट ब्रम्ली हे गीतकार आहेत, ‘डॅड’ आणि ‘मॉम’ स्पिअर हे दांपत्य आहे, जेम्स ब्लॅकवूड, जेक हेस, जे. डी. समनर हे गायक आहेत, आणि हॉव्ही लिस्टर, ईव्हा मे लफेव्हर यांच्यासारखे पियानोवादकही आहेत. या शेवटच्या दोन नावांचा मी मुद्दाम उल्लेख करतो. सदर्न गॉस्पेलमध्ये पियानोवादक केवळ साथीदार नसतो; गाण्याची गती, एका स्वरपट्टीतून दुसऱ्या स्वरपट्टीत नेणारी उचल, दोन कडव्यांमधली भर, हे सारे त्याच्या हाती असते, आणि हॉव्ही लिस्टर तर अटलांटाच्या स्टेट्समेन क्वार्टेटचे पियानोवादक, प्रमुख आणि निवेदक असे एकाच वेळी सारे काही होते. वादकांना गायकांच्या रांगेत बसवण्याचा हा निर्णय मला या दालनाचा सर्वांत न्याय्य निर्णय वाटतो.

मात्र फलक हा प्रकारच असा आहे, की तो माणसाचा चेहरा आणि जन्ममृत्यूची वर्षे सांगून थांबतो. त्या माणसाने रोज काय केले, हे जाणून घ्यायचे असेल, तर गीतपुस्तकांपाशी थांबावे लागते, आणि माझ्या मते या संगीताचा इतिहास समजून घेण्याची खरी जागा तीच आहे.

जुन्या गीतपुस्तकाचे एखादे पान जवळून पाहावे. पाच ओळींवर स्वर मांडलेले असतात, पण प्रत्येक स्वराचे डोके वेगळ्या आकाराचे असते : डोसाठी (पाश्चात्त्य सरगमातील पहिला स्वर, आपला सा) त्रिकोण, मीसाठी तिरपा चौकोन, सोलसाठी नेहमीचे गोल, लासाठी सरळ चौकोन, आणि याच रीतीने साती स्वरांना सात आकार. जेसी एकिन यांनी १८४६ मध्ये ही सात आकारांची पद्धत पुढे आणली. त्यापूर्वी १८०१ च्या सुमारास चार आकारांची पद्धत प्रचारात आली होती. सात आकारांच्या पद्धतीचा उपयोग असा, की डोचे स्थान कोणत्याही स्वरपट्टीत आले तरी त्याचा आकार तोच राहतो. आपला गायक जसा आपल्या गळ्याला मानवेल तेथे षड्ज धरतो आणि बाकीचे स्वर त्यावरून ओळखतो, तसेच हे आहे. त्यामुळे ज्याला स्वरपट्टीच्या खुणा वाचता येत नाहीत, असा शेतकरीसुद्धा दहा दिवसांच्या किंवा दोन आठवड्यांच्या गायनशाळेत बसून आपल्या वाट्याचा टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) किंवा बेस (सर्वांत खालचा आवाज) थेट पुस्तकावरून गाऊ शकत असे. व्यावसायिक गायकांची पहिली पिढी याच शाळांतून आली, आणि त्या शाळांचे फिरते शिक्षक हे या परंपरेचे सर्वांत कमी सन्मानित लोक आहेत.

व्हॉन यांचे कार्य येथे फार महत्त्वाचे ठरते. १८६४ मध्ये टेनेसीच्याच जाइल्स काउंटीत जन्मलेल्या या माणसाने लॉरेन्सबर्ग येथे आपला प्रकाशन व्यवसाय उभारला आणि १९१० मध्ये पगार देऊन एक क्वार्टेट प्रवासाला पाठवले. त्या चौघांचे काम गावोगावच्या संमेलनांत गाऊन व्हॉन यांची पुस्तके विकणे हे होते. म्हणजे ज्याला आपण आज सदर्न गॉस्पेल क्वार्टेट म्हणतो, त्याची सुरुवात पुस्तकांच्या विक्रीसाठी झाली, आणि त्या विक्रीतूनच गाणे हा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो हे लोकांना प्रथम दिसले. पुढच्याच वर्षी त्यांनी संगीतशाळा काढली, १९२० च्या दशकाच्या आरंभी स्वतःच्या नावाच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि लॉरेन्सबर्गमधून रेडिओ केंद्रही चालवले. व्हॉन यांच्याकडे तयार झालेले स्टॅम्प्स पुढे टेक्सासमध्ये गेले, जे. आर. बॅक्स्टर यांच्याशी भागीदारी करून त्यांनी डॅलस येथे स्टॅम्प्स-बॅक्स्टर कंपनी उभी केली, आणि १९३६ पासून त्यांच्या क्वार्टेटचा आवाज रेडिओवरून दूरवर पोचला. तिकडे आर्कान्सासच्या हार्टफर्ड येथील छोट्या कंपनीत शिकलेल्या ब्रम्ली यांची शेकडो गीते हीच गीतपुस्तके घरोघर घेऊन गेली. एका माणसाच्या कारकिर्दीतून दुसऱ्याची कारकीर्द कशी उगवते, हा धागा मला भिंतीवरील फलकांच्या रांगेत फारसा सापडत नाही, पण पुस्तकांच्या मुखपृष्ठावरील प्रकाशकांची नावे आणि गावे एकापाठोपाठ वाचत गेले की तो आपोआप उलगडतो. ज्यांना हा विषय नवा आहे, त्यांनी फलकांकडे वळण्यापूर्वी ही नावे पाहून घ्यावीत.

क्वार्टेटच्या जीवनातील दुसरी मोठी गोष्ट म्हणजे प्रवास. मिसिसिपी राज्यात १९३४ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅकवूड ब्रदर्स या गटाने जून १९५४ मध्ये आर्थर गॉडफ्री यांच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणी स्पर्धेत यश मिळवले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला अलाबामातील क्लँटन येथे त्यांचे स्वतःचे विमान कोसळले, आणि बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचे गायक आर. डब्ल्यू. ब्लॅकवूड व बेस गायक बिल लाइल्स मरण पावले. गट संपला असे सर्वांना वाटत असतानाच आर. डब्ल्यू. यांचे धाकटे बंधू सेसिल आणि बेस गायक जे. डी. समनर यांना घेऊन जेम्स ब्लॅकवूड पुन्हा उभे राहिले. विमानाऐवजी आता बस आली, आणि झोपण्याची सोय असलेली बस घेऊन रात्रीच्या कार्यक्रमानंतर पुढच्या गावाकडे निघण्याची जी पद्धत समनर यांनी पाडली, ती पुढे साऱ्या गॉस्पेल आणि कंट्री गायकांनी उचलली. समनर यांची ओळख सामान्य श्रोत्याला त्यांच्या विलक्षण खोल आवाजामुळे किंवा १९७१ ते १९७७ या काळात एल्विस प्रेस्लीला दिलेल्या साथीमुळे असते. परंतु या क्षेत्रातील माणसे त्यांना बस आणि नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन या दोन गोष्टींसाठी आठवतात. ब्लॅकवूड मंडळींच्या सोबतीने त्यांनी हे अधिवेशन १९५७ मध्ये मेम्फिस येथे सुरू केले. ते पुढे नॅशव्हिलला, नंतर केंटकीतील लुइव्हिलला गेले आणि २०१४ पासून पिजन फोर्जमध्येच भरू लागले, त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस येथे येणाऱ्याला इतिहास आणि वर्तमान दोन्ही एकाच गावात भेटू शकतात.

प्रादेशिक गायकांचा प्रश्न मला येथे सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. ज्या गटाने दोन-तीन काउंट्यांच्या बाहेर कधी पाऊल ठेवले नाही, ज्याला मानधन म्हणून श्रोत्यांनी स्वेच्छेने टाकलेली लव्ह ऑफरिंग मिळाली, ज्याने सभागृहाच्या दाराशी टेबल मांडून आपल्या ध्वनिमुद्रिका स्वतः विकल्या, आणि जो सोमवारी सकाळी पुन्हा गिरणीत किंवा शाळेत कामावर हजर झाला, त्याची कारकीर्द फलकाच्या मापात बसत नाही. राष्ट्रीय पातळीवरचे दालन सर्वांना सामावून घेऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. परंतु रेडिओवर रोज पहाटे गाणाऱ्या स्थानिक गटांची एखादी भिंत, त्यांच्या छापील जाहिराती, त्यांच्या पियानोवादकांची नावे, एवढे जरी ठळकपणे मांडले, तरी हे संगीत वर खाली कसे जोडलेले होते हे पाहणाऱ्याला कळेल. हे काम छोट्या गावांतील संग्रहालये अधिक जिव्हाळ्याने करू शकतात. नॅशव्हिलच्या दक्षिणेला लॉरेन्सबर्ग येथे व्हॉन यांच्या नावाचे संग्रहालय आहे, आणि ज्यांना गायनशाळांच्या परंपरेत विशेष रस आहे, त्यांनी प्रवासाच्या आखणीत त्याचाही समावेश करावा.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. सदर्न गॉस्पेल हे नाव ज्या संगीताला मिळाले, ते वंशभेदाच्या कायद्यांखाली वाढलेले मुख्यतः गोऱ्या समाजाचे संगीत आहे. त्याच काळात, त्याच शहरांत कृष्णवर्णीय क्वार्टेटही गात होती; व्हर्जिनियाचे गोल्डन गेट क्वार्टेट आणि नॅशव्हिलचे फेअरफिल्ड फोर ही त्यांतील मोठी नावे आहेत, आणि लयीची झोकदार मांडणी, बेस आवाजाने धरलेला ठेका, या गोष्टींची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी ऐकू येते. सन्मानाच्या इतिहासात या देवाणघेवाणीला भरपूर जागा मिळावी, असे मला वाटते. त्यामुळे कोणाचा मान कमी होणार नाही, उलट जेक हेस यांच्यासारखा गायक कोठून काय शिकला, हे अधिक चांगले समजेल.

सन्मानाचा दुसरा मार्ग या क्षेत्राने शोधला आहे, आणि संग्रहालयाचे मूल्यमापन करताना त्याची आठवण येणे अपरिहार्य आहे. १९९१ मध्ये गॉस्पेल गीतकार व गायक बिल गेदर यांनी जुन्या गायकांना नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत बोलावले. ठरलेले ध्वनिमुद्रण संपल्यावर मंडळी पियानोभोवती जमली, जुनी गाणी गाऊ लागली, आणि त्या चित्रणातून ‘होमकमिंग’ ही दीर्घ मालिका उभी राहिली. ज्यांचे कार्यक्रम जवळजवळ थांबले होते, अशा कित्येक वृद्ध गायकांना तिने पुन्हा श्रोते मिळवून दिले. गायकाला गाऊ देणे हा त्याचा सर्वांत मोठा मान आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणूनच ज्या मानकऱ्यांचा आवाज पाहुण्याने पूर्वी कधी ऐकलेला नाही, त्यांच्या फलकासमोर तो किती वेळ थांबेल, याची मला चिंता वाटते. भेटीपूर्वी घरी बसून स्टेट्समेन, ब्लॅकवूड ब्रदर्स, स्पिअर फॅमिली आणि चक वॅगन गँग यांची काही गाणी ऐकून जावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. मग चेहऱ्यांना आवाज लाभतात.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. संग्रहालय उद्यानाच्या आत असल्यामुळे डॉलीवूडचे तिकीट काढणे आवश्यक असते, आणि ज्याला केवळ संगीताचा इतिहास पाहायचा आहे, त्याला हा खर्च जड वाटू शकतो. संस्थेसाठी मात्र याच व्यवस्थेमुळे असे असंख्य पाहुणे दारात येतात, जे एरवी या विषयाकडे फिरकलेही नसते. ज्यांच्या नावावरून उद्यानाला नाव मिळाले, त्या कंट्री गायिका डॉली पार्टन याच सेव्हिअर काउंटीत वाढल्या, त्यांचे आजोबा धर्मोपदेशक होते, आणि उद्यानात गॉस्पेलला मिळालेले स्थान त्या वातावरणातून आलेले आहे, त्यामुळे ही जागा परकी वाटत नाही. शरद ऋतूत उद्यानाच्या रंगमंचांवर गॉस्पेल गटांचे कार्यक्रम होत आले आहेत. भेट शक्यतो त्या दिवसांत ठरवावी, संग्रहालयाला सकाळची वेळ द्यावी आणि दुपारी प्रत्यक्ष गाणे ऐकावे. लहान मुले सोबत असतील, तर त्यांना फलकांपेक्षा आकारांच्या स्वरलिपीपाशी न्यावे. त्रिकोणाला डो म्हणायला ती लगेच शिकतात. गाणे शिकणाऱ्यांनी, विशेषतः पियानो किंवा पेटीवर साथ करणाऱ्यांनी, ईव्हा मे लफेव्हर आणि हॉव्ही लिस्टर यांची नावे टिपून घ्यावीत आणि परतल्यावर त्यांची ध्वनिमुद्रणे शोधून केवळ डाव्या हाताकडे लक्ष देऊन ऐकावीत.