ताडोबा-पेंचला घरच्या गाडीने: मुक्काम गेटजवळ, शहरात की सरकारी संकुलात?

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि "या सुट्टीत गाडीनेच विदर्भ करू" हे वाक्य घराघरांत ऐकू यायला लागलं. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर आता दिवसाउजेडी उरकतात. डोकेदुखी सुरू होते ती महामार्ग सोडल्यावर. वाघ दिसला नाही म्हणून भांडणारी माणसं जंगलात क्वचितच भेटतात. हॉटेलवरून भांडणारी मात्र दर गेटवर दिसतात, बहुधा नवरा-बायको, आणि मागच्या सीटवर झोपमोड झालेली पोरं.

मुक्कामाचे पर्याय ढोबळमानाने चार: गेटजवळचा खासगी रिसॉर्ट, गावातला होमस्टे, सरकारी निवास आणि जवळच्या शहरातलं साधं हॉटेल. कुठला घ्यायचा ते बजेटवर ठरतं असं वाटतं. खरं तर ते सफारीच्या परमिटवर छापलेल्या गेटवर आणि पहाटेच्या घड्याळावर ठरतं.

आधी गेट, मग खोली

ताडोबा हे १९५५ सालचं, राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. बुकिंगच्या ॲपवर 'ताडोबा' टाकलं की पन्नास हॉटेलं समोर येतात, आणि जो तो 'गेटपासून पाच मिनिटं' असतो. कुठल्या गेटपासून, हे विचारा. मोहर्ली दक्षिणेला, कोलारा उत्तरेला. खुटवंडा मोहर्लीच्या बाजूचं, नवेगाव कोलाऱ्याच्या बाजूचं. परमिट ज्या गेटचं, आत तिथूनच जायचं. जंगलातून आपली गाडी आरपार नेता येत नाही, त्यामुळे कोलाऱ्याचा रिसॉर्ट आणि मोहर्लीचं परमिट अशी जोडी जमली तर चिमूर-वरोरा-भद्रावती असा दोन तासांचा तरी वळसा पडतो. उन्हाळ्यात सफारी पहाटे साडेपाचच्या सुमारास सुटते आणि त्याआधी अर्धा तास हजर राहावं लागतं. म्हणजे घरच्यांना अडीचला उठवायचं.

बफरच्या (कोअर म्हणजे जंगलाचा गाभा, बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा) गेटांचंही तसंच. आगरझरी, जुनोना आणि देवाडा मोहर्ली-चंद्रपूरच्या अंगाला. अलीझंझा, मदनापूर आणि बेलारा कोलाऱ्याच्या अंगाला. म्हणून आधी परमिट हातात घ्या, मग खोली शोधा. उलटं करायचंच असेल, तर निदान तारीख बदलून मिळेल असं हॉटेल बघा. परमिटवर तुमचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर चढतो. ते हॉटेलच्या सोयीने हलत नाही.

मोहर्ली की कोलारा

आजी-आजोबा बरोबर असतील तर माझं मत मोहर्लीला. गाव नांदतं आहे. चहाच्या टपऱ्या, किराणा, एमटीडीसीचा (राज्य पर्यटन महामंडळाचा) रिसॉर्ट, होमस्टे, छोटे लॉज आणि महागडे रिसॉर्ट असं सगळं एका पट्ट्यात सापडतं. एका ठिकाणी खोली पसंत पडली नाही तर दुसरीकडे विचारता येतं. चंद्रपूर तीसेक किलोमीटरवर, म्हणजे रात्री कुणाचं पोट बिघडलं, बीपीची गोळी संपली, तर मोठी दवाखान्याची सोय आवाक्यात आहे.

कोलारा नागपूरहून जवळ, उमरेड-चिमूरमार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटर. नागपूरला विमानाने येऊन पुढे गाडी करणाऱ्यांना हेच सोयीचं. खासगी रिसॉर्ट भरपूर, मोकळी जागा, झाडी, पोहण्याचा तलाव. पण आवाराबाहेर पर्याय नाही. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात जे शिजेल ते खायचं, आणि ते पर्यटकांची चव धरून केलेलं पनीर असतं. लहान मुलांना फक्त वरण-भात-तूप हवं असेल तर आधी सांगून ठेवा. आयत्या वेळी मागितलं की 'दाल फ्राय' येते.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: अंधार पडल्यावर शतपावलीला आवाराबाहेर पडायचं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबटे फक्त गेटच्या आत राहतात असं नाही. कुंपण नसलेला रिसॉर्ट फोटोत छान दिसतो. पाच वर्षांचं पोर बरोबर असेल तर मी कुंपणवाला घेईन.

चंद्रपुरातलं हॉटेल: स्वस्त, पण कितपत?

शहरातली खोली गेटजवळच्या रिसॉर्टपेक्षा बरीच स्वस्त पडते. लिफ्ट असते, रात्री दहाला जेवण मिळतं, गाडीला पेट्रोल आणि पोरांना आइस्क्रीम मिळतं. मात्र पहाटे चारच्या सुमारास निघून औष्णिक वीज केंद्राच्या बाजूने, कोळशाच्या ट्रकमधून वाट काढत मोहर्ली गाठायची. सकाळची सफारी संपते दहाच्या आसपास. दुपारची असेल तर दोनच्या आसपास पुन्हा हजेरी. मधल्या चार तासांत चंद्रपूरला जाऊन, जेवून, परत यायचं. दिवसाचे सव्वाशे किलोमीटर यातच जातात. एकच सफारी, तीही दुपारची, असेल तर शहरातलं हॉटेल बिनधास्त घ्या. दिवसाला दोन असतील तर वाचलेले पैसे शेवटी कमरेच्या पट्ट्याला लागतात.

सरकारी निवास आणि होमस्टे

सरकारी निवासांना जागा नेहमी उत्तम मिळालेली असते, कारण ते आधी आले आणि त्यांनी आधी निवडली. खोल्या ऐसपैस, दर समजण्याजोगे, खालच्या मजल्याची खोली मागितली तर बहुधा मिळते. फक्त आजची अवस्था विचारून घ्यावी: गिझर चालू आहे का, एसी खोलीत आहे की फक्त यादीत, स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत खोल्या खूप आधी संपतात.

होमस्टेत माणसं चांगली भेटतात आणि भाजी-भाकरी खरोखर घरची असते. मालकाचा भाऊ नाहीतर पुतण्या गाइड असतो, त्यामुळे काल वाघ कुठे होता हे जेवतानाच कळतं. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, दुपारी वीज गेली तर कूलरही बंद. थंडीत होमस्टे, उन्हाळ्यात जनरेटर असलेलं काहीही, असा माझा सरळ हिशोब आहे.

पहाटेचा डबा

कुठल्याही हॉटेलची पारख पहाटे होते. एका चांगल्या नावाच्या, तलाव-बिलाव असलेल्या रिसॉर्टमध्ये आम्ही रात्री दोनदा सांगून ठेवलं होतं: पाचला चहा, चार डबे. पहाटे रिसेप्शनवर वॉचमन घोंगडी घेऊन झोपलेला. किल्ली आचाऱ्याकडे, आचारी गावात. शेवटी फ्रिजमधून काढलेले चार डबे हातात पडले: दोन ब्रेडच्या कडक फोडी, उकडलेलं अंडं, एक केळं आणि सॉसची पुडी. आम्ही अंडी खात नाही, हे फॉर्मवर लिहिलेलं होतं. मोहर्लीतल्या एका साध्या लॉजवाल्याने मात्र स्टीलच्या डब्यात गरम पोहे आणि थर्मासमध्ये चहा दिला होता, तोही न मागता. दोन्हींच्या दरात तिपटीचा फरक. म्हणून फोनवर तलाव किती खोल हे विचारण्याऐवजी 'पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात कोण असतं?' हे विचारा. उत्तर अडखळत आलं की समजून घ्या.

दुसरी नेहमीची कटकट चेक-आउटची. अनेक ठिकाणी वेळ दहा-अकराची, आणि तुम्ही सफारीच्या उघड्या जिप्सीतून धुळीने माखून साडेदहाला परत येता. सामान बाहेर, खोलीत साफसफाई सुरू, आजींना अंघोळ करायची आहे. शेवटच्या दिवशी एक खोली दुपारपर्यंत ठेवू देणार का, हे बुकिंगच्या वेळीच मेलवर लिहून घ्या.

दराच्या पोटात काय असतं

'जंगल प्लॅन' म्हणजे खोली, जेवण आणि सफारी एकत्र. ऐकायला सुटसुटीत. सफारी कोअरची की बफरची, गेट कुठलं, जिप्सी पूर्ण तुमची की अनोळखी लोकांबरोबर, हे त्यात बारीक अक्षरातही नसतं. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. घरची सात माणसं झाली की दुसरी जिप्सी आली. मुलांच्या वयाची अटही हॉटेलगणिक वेगळी: कुठे पाचपर्यंत फुकट, कुठे सहापासून अर्धा, बारानंतर पूर्ण. आणि ड्रायव्हर घेऊन जात असाल तर त्याच्या झोपण्या-जेवणाचं आधी ठरवा. पहाटे चारला गाडी चालवणाऱ्याला गाडीतच झोपवणं हे धोक्याचं आहे.

जीएसटीचं गणित तर गमतीचं आहे. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्यावर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाचे बाराशे होतात. दर सीमेच्या थोडा वर असेल तर मालकाला सरळ विचारा, बऱ्याचदा तो स्वतःच खाली आणतो.

पेंच: खवासा की सिल्लारी

इथे निवड सोपी आहे. नागपूरहून ४४ क्रमांकाच्या महामार्गाने निघालं की राज्याची हद्द ओलांडताच खवासा. तिथल्या मुक्कामातून मध्य प्रदेशचं टुरिया आणि महाराष्ट्राचं खुर्सापार ही दोन्ही गेटं हाताशी येतात. एका बाजूचं परमिट मिळालं नाही तर दुसऱ्या राज्याचं बघायचं, सामान हलवायचं नाही. घरच्यांच्या सहलीत याहून मोठी सोय नाही. फक्त हॉटेल महामार्गाला चिकटलेलं नाही ना, ते नकाशावर पाहा. रात्रभर ट्रकचे हॉर्न ऐकायला कुणी जंगलात जात नाही.

सिल्लारी अलीकडे, महाराष्ट्रात. वनविभागाचं संकुल, शांतता, खर्च कमी. २०२४ मध्ये पेंचच्या महाराष्ट्राकडच्या भागाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे अमावास्येच्या आसपास गेलात तर मुलांना आकाशगंगा दिसेल. करमणूक मात्र तेवढीच. टीव्ही आणि वायफायशिवाय चिडचिडणारी किशोरवयीन मंडळी असतील तर खवासा-टुरिया बरं.

कान्हा याच दौऱ्यात कोंबू नका. पेंचहून ते जवळपास दोनशे किलोमीटर, तिथेही खटिया आणि मुक्की ही दोन टोकं, आणि डिसेंबरच्या पहाटे कुरणांवर दव गोठतं.

तारखा लावताना सुट्ट्या बघा: ताडोब्याचा कोअर मंगळवारी बंद, मध्य प्रदेशातला पेंच बुधवारी दुपारी बंद, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर दोन्हीकडचे कोअर बंद. बंदच्या दिवशी रिसॉर्टचा दर काही कमी होत नाही. मी लावीन तो क्रम असा: रविवार-सोमवार मोहर्लीत, कुंपण असलेल्या लॉजमध्ये, मंगळवारी सकाळी आरामात उठून नागपूरमार्गे खवासा, बुधवारी सकाळी टुरिया, गुरुवारी खुर्सापार, आणि जेवून परतीला.