फॅमिली कोर्टाच्या गेटवरच्या ‘साहेबां’पासून सावध राहा

३९,५०० रुपये गेले आणि धाकट्या बहिणीची कोर्टात उत्तर द्यायची मुदतही गेली. पैशांपेक्षा मुदतीचा संताप जास्त आहे.

तिच्या नवऱ्याने घटस्फोटाचा दावा टाकला. बेलिफ समन्स देऊन गेला की म्हणणं (म्हणजे लेखी उत्तर) दाखल करायला ३० दिवस मिळतात. गेटबाहेर टायपिंगवाल्यांच्या टेबलांपाशी हा तोतया वकील भेटला. गळ्यात पांढरे बँड, काखेत फायली, आजूबाजूचे सगळे ‘साहेब, साहेब’ करतायत. तिथे सनद (वकिलीचा परवाना) दाखवा म्हणून कोण विचारतं? (तुम्ही मात्र विचारा. सनद नंबर लिहून घ्या.)

वकीलपत्र आणि ड्राफ्टिंगचे १२,०००. कोर्ट फी ८,५००. समुपदेशकाचे ४,०००. पोटगीच्या अर्जाचे १५,०००. सगळे मोबाइलवरून, आणि पैसे घेणाऱ्याचं नाव दरवेळी वेगळं. ‘ज्युनिअरचं खातं आहे’ म्हणाला. यातली कोर्ट फी शुद्ध थाप. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगीच्या कामात बायकांना कोर्ट फी माफ आहे. फॅमिली कोर्टातल्या समुपदेशकालाही एक रुपया द्यावा लागत नाही.

आता जे आठवलं की अजून झोप उडते ते सांगतो. म्हणणं दाखल केल्याची प्रत म्हणून त्याने कागद दिला. जांभळा गोल शिक्का, इतका ताजा की शाई माझ्या अंगठ्याला लागली. समन्सवर ‘पिटिशन ए’ होतं, या कागदावर ‘पिटिशन एफ’. मी दोन्ही कागद शेजारी धरून त्याला दाखवले. ‘अहो दादा, टायपिंगची चूक. शिक्का बघा ना कोर्टाचा!’ एफ म्हणजे दोघांच्या संमतीचा घटस्फोट. माझी बहीण तर घटस्फोटाला विरोध करत होती! पण ही अक्षरं कोर्टाबाहेरच्या माणसाला कुठून माहीत असणार? मी विचारलं होतं, आणि मला तोंडावर खोटं सांगितलं गेलं.

‘ताईंना कशाला दगदग, तारीख मी बघतो,’ असं म्हणत त्याने तिला कोर्टात येऊच दिलं नाही. शेवटी ओळखीतल्या एका मुलीने ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) टाकून पाहिलं. म्हणणं दाखलच नव्हतं, दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम झाला होता. समन्स मिळाल्या दिवसापासून तो १६ अक्षरी नंबर स्वतः टाकून बघत जा, फुकट आहे.

पोलीस चौकीत म्हणाले, ‘तुमचं कोर्टाचं मॅटर, कोर्टात जा.’ कोर्टाच्या कार्यालयात म्हणाले, ‘तो आमचा माणूस नाही, पोलिसांत जा.’ वकिलांच्या संघटनेत तर कहरच. ‘तो वकीलच नाही, म्हणून आम्हाला त्याच्याविरुद्ध तक्रार घेता येत नाही!’ म्हणजे खरा वकील फसवेल तर दाद, तोतया फसवेल तर घरी बसा? वकील कायदा, १९६१ च्या कलम ४५ प्रमाणे सनद नसताना वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ते चौकीत दाखवलं तर हवालदार म्हणाला, ‘कलमं आम्हाला नका शिकवू.’ अर्जाची पोचसुद्धा मागून मागून मिळाली. तो माणूस रोज त्यांच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईकं धरतो आणि दिसत कुणालाच नाही!

आईवडिलांना आकडा अजून सांगितलेला नाही. नातेवाइकांत तोंड दाखवायची लाज वाटते, ती वेगळीच.

बायकांनी खिशात हात घालण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. ‘तुम्ही येऊ नका’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे सोडा. फॅमिली कोर्टात पक्षकाराला स्वतः उभं राहून बोलता येतं. एकतर्फी हुकूम झाला तरी तो रद्द करायचा अर्ज करता येतो, फक्त दिवस घालवू नका. आमचा अर्ज प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी टाकलाय. समोरच्या वकिलाने त्याला हरकत घेतली आहे आणि उशिराचा खर्च आमच्याकडे मागितलाय.