टेरेन्स टाओ यांचं ‘अ‍ॅनालिसिस १’: सिद्धता लिहायला लावणारं पुस्तक

एम.एस्सी.ला रियल अ‍ॅनालिसिस (वास्तव संख्या, मर्यादा यांचा काटेकोर अभ्यास) असेल तर हे पुस्तक घ्याच. हिंदुस्तान बुक एजन्सीने २००६ साली काढलेलं. सुरुवात थेट पेआनोच्या गृहीतकांपासून, म्हणजे नैसर्गिक संख्यांच्या मूळ नियमांपासून: अ + ब = ब + अ हेसुद्धा इंडक्शनने (पहिल्या संख्येसाठी खरं, आणि एकीसाठी खरं तर पुढचीसाठीही खरं, असं दाखवून) सिद्ध करायचं, आणि पूर्णांक रचून होईपर्यंत वजाबाकीला हात लावायचा नाही! मला सगळ्यात भावला तो कोशी सिक्वेन्सचा, म्हणजे ज्याची पदं पुढे पुढे एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात अशा क्रमाचा भाग. आधी ‘एप्सिलॉन-स्टेडी’ (सगळी पदं एकमेकांपासून एप्सिलॉन या ठरवलेल्या अंतराच्या आत), मग ‘कधीतरी पुढे एप्सिलॉन-स्टेडी’, आणि त्यानंतरच कोशी. ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक एन (क्रमातलं ठरावीक स्थान) असतो’ यात आधी काय निवडायचं, ते इथे अंगात भिनतं. बरीच महत्त्वाची विधानं स्वाध्यायात सोडली आहेत, उत्तरं दिलेली नाहीत. म्हणून मित्रमैत्रिणींनी एकमेकांच्या वह्या तपासाव्यात. परिशिष्टातलं तर्कशास्त्र मात्र सगळ्यात आधी वाचा.