जुन्या व्हीएमसीला नेटवर्क: डीएनसी डबा लावावा की कंट्रोलच बदलावा?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत ज्यांच्याकडे वीसेक वर्षांची, पण स्पिंडल अजून ठणठणीत असलेली व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) आहे, त्यांना नेटवर्कवरून प्रोग्रॅम पाठवायचे तर दोन वाटा आहेत. आरएस-२३२ या जुन्या सिरियल पोर्टला वायफायचा किंवा इथरनेटचा डीएनसी डबा (प्रोग्रॅम मशीनपर्यंत पोचवणारा) जोडायचा, नाहीतर कंट्रोल, म्हणजे मशीनचा मेंदूच, काढून नवा बसवायचा.

डबा स्वस्त पडतो, लवकर लागतो, मशीनचं लॅडर (टूल चेंजरसारखे भाग कोणत्या क्रमाने हलवायचे ते सांगणारा प्रोग्रॅम) जसंच्या तसं राहतं. पण नेटवर्क कितीही वेगवान असो, डब्यापासून कंट्रोलपर्यंतचा शेवटचा हातभर रस्ता जुन्या सिरियल केबलचाच. ९६०० बॉड या सिरियल वेगाला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. जी-कोडची, म्हणजे मशीनच्या प्रोग्रॅमची, ओळ २० अक्षरांची धरली तर ४८ ओळी. डायच्या थ्रीडी फिनिशिंगमध्ये ओळीमागे टूल ०.१ मिमी सरकत असेल, तर ड्रिप फीडवर (मशीन चालू असतानाच प्रोग्रॅम थोडाथोडा पाठवत राहणं) मिनिटाला २८८ मिमी, बस्स. प्रोग्रॅममध्ये एफ ३००० (मिनिटाला ३००० मिमी) लिहिलं तरी टूल पुढच्या ओळीसाठी थबकतो आणि जॉबवर डाग उमटतात. मग दोष कटरला दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. ३८४०० बॉड मिळाला तरी १,१५२ मिमीच.

फ्लँज, पॉकेट, ड्रिलिंग अशी कामं असतील तर प्रोग्रॅम कंट्रोलच्या मेमरीत मावतो. तिथे डबा पुरे. मात्र त्यात स्वतःची मेमरी हवी, म्हणजे मध्येच वायफाय तुटलं तरी ड्रिप फीड थांबत नाही. पोर्ट आयसोलेटेड (दोन्ही बाजूंची वीज एकमेकींपासून तोडलेला) घ्या. ऑफिसचं आणि मशीनचं अर्थिंग वेगळं असलं की साध्या केबलमधून पोर्ट जळतात.

डायचं काम रोजचं असेल तर मी कंट्रोल बदला म्हणेन. अख्खी फाईल नव्या कंट्रोलच्या मेमरीत उतरते, पुढच्या ओळी आधीच वाचून तो वेग सांभाळतो. लिनक्ससीएनसी (पीसीलाच कंट्रोल बनवणारं सॉफ्टवेअर) आणि मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड ही त्यातली एक जोडी: पीसीवर साधारण १ मिलिसेकंदाचं रिअल-टाइम चक्र, मोटरसाठी पल्स काढायचं काम कार्डातल्या एफपीजीए चिपचं. कार्डाला पीसीचा स्वतंत्र पोर्ट द्या, ऑफिसचं नेटवर्क दुसऱ्यावर. खरी कसोटी टूल चेंजरचं लॅडर नव्याने लिहिण्यात आहे. ते लिहिणारा माणूस आधी शोधा, सामान नंतर. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पॅनलच्या आत त्याहून जास्त. पॅनल कूलिंग खर्चात धराच.

कुठलीही वाट धरा, जुन्या कंट्रोलचे पॅरामीटर (मशीनची सेटिंग) आजच उतरवून ठेवा. बऱ्याच कंट्रोलमध्ये ते बॅटरीच्या जोरावर टिकतात.