वर्गणीच्या धंद्यात नोकरी बरी की सल्लागारी?

ऑनलाइन प्रकाशनाच्या सबस्क्रिप्शन टीममध्ये चार-पाच वर्षं काढली की हा प्रश्न डोकं वर काढतोच. इथेच बढतीची वाट बघायची, की बाहेर पडून चार प्रकाशकांना सल्ला द्यायचा?

पैशाचं आधी उरकून घेऊ. नोकरीत पगार, पीएफ, विमा ठरलेला. सल्लागारीत रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली फी मिळते, त्यातून बहुधा १० टक्के टीडीएस कापलेला असतो आणि बिलाचा तगादा तुमचा तुम्हीच लावायचा. उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी आलीच. परदेशी प्रकाशक गळाला लागला तर दर चांगला मिळतो, पण पहिलं वर्ष ओढाताणीचंच धरून चाला.

विविधतेत सल्लागारी सरळ पुढे. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये मीटर लावला, म्हणजे ठरावीक लेखांनंतर पैसे मागायला सुरुवात केली, तेव्हा महिन्याला २० लेख फुकट होते, पुढच्याच वर्षी ते १० वर आणले. लंडनच्या टाइम्सने २०१० मध्ये पैसे न भरणाऱ्यांना सगळंच कुलूपबंद केलं. गार्डियनने बातम्या खुल्या ठेवून वाचकांकडे स्वखुशीची मदत मागितली. नोकरदाराच्या वाट्याला बहुधा यातला एकच प्रकार येतो, सल्लागार वर्षभरात तिन्हींत हात घालू शकतो.

निकाल मात्र नोकरदारालाच दिसतो, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. समजा, सल्लागाराने ‘पहिले तीन महिने ९९ रुपयांत’ अशी ऑफर सुचवली. आकडे उसळले, प्रेझेंटेशन झालं, बिल मंजूर झालं. चौथ्या महिन्यात वाचकाच्या खात्यातून पूर्ण रक्कम गेली की रद्द करणाऱ्यांची रांग लागते. तोवर सल्लागार दुसऱ्या गावाला पोचलेला असतो आणि संपादकांपुढे उभं राहायला उरतो टीममधला माणूस. त्याची पंचाईत होते खरी, पण धंदा तोच शिकतो.

रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा, म्हणजे कार्डावरून दर वेळी आपोआप पैसे कापण्याचा नियम आठवा. १ ऑक्टोबर २०२१ पासून पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणं आणि ५००० रुपयांवरच्या प्रत्येक व्यवहाराला ओटीपी घेणं बंधनकारक झालं (ही मर्यादा २०२२ मध्ये १५,००० झाली). कार्डावरच्या जुन्या परवानग्या धडाधड बंद पडल्या. वाचकाला वाचायचं होतं, पैसे द्यायचेही होते, तरी रिन्युअल अडकलं. अशी गळती कशी बुजवायची, हे अमेरिकेतल्या पेवॉलच्या (पैसे भरल्याशिवाय लेख न उघडणाऱ्या कुलपाच्या) स्लाइड्स बघून कळत नाही.

म्हणून वार्षिक वर्गणीदारांचं एकही पूर्ण रिन्युअल-चक्र स्वतः पाहिलं नसेल, तर तूर्त नोकरी सोडू नका. पाहिलं असेल आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, तर खुशाल बाहेर पडा. फक्त करारात तेराव्या महिन्याचे, म्हणजे वर्ष संपल्यावर किती वर्गणीदार टिकले याचे आकडे बघण्याचा हक्क लिहून घ्या. प्रकाशक का-कू करू लागला, तर फी वाढवून सांगा.